दापोड्याहून बोरीबंदरला

भिवंडी तालुक्यातल्या माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर आणि दापोडे या पट्ट्यात जिथे पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे आता गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईत ऑनलाइन मागवलेला मोबाइल, पुण्याला निघालेली औषधं, नाशिकच्या दुकानातलं साबणाचं खोकं, असं कितीतरी सामान एखादी रात्र इथल्या शेडमध्ये काढून पुढे जातं. दापोड्यातल्या आठवी-नववीतल्या मुलाला कंटेनरची नंबरप्लेट पाहून गाडी कुठल्या राज्यातली ते सहज सांगता येतं.

मुंबईही त्याला अनोळखी नसते. गणपतीत लालबागला, कुणाच्या तरी लग्नाला, आजीला केईएममध्ये दाखवायला, अशा निमित्तांनी तो तिथे जाऊन आलेला असतो. पण तेव्हा तो कुणाच्या तरी हाताला धरून किंवा भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून गेलेला असतो. कुठे चढलो, कुठे उतरलो, किती वेळ लागला, कुणी विचारलं तर त्याला सांगता येत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची महानगराची पहिली खरी भेट आखायची, तर सुरुवात इथूनच करावी लागते. या सहलीत आईवडील बरोबर असतील, पण वेळापत्रक, वाट आणि हिशेब मुलाच्या किंवा मुलीच्या हाती राहील. या प्रकरणातला सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

कर्व्यांची पायपीट

मुलाने शहराकडे निघायचं आणि बेत ऐनवेळी फसायचा, ही महाराष्ट्रात जुनीच गोष्ट आहे. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, त्यांना सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. मुंबईला समुद्रमार्गे जाण्याचा विचार होता. पावसाळी हवेने तो मार्ग बंद झाला आणि परीक्षेचा दिवस तर जवळ आलेला. तेव्हा कर्वे आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाटाच्या वाटेने चालत साताऱ्याला निघाले. शंभराहून अधिक मैलांची ती चाल त्यांनी भर पावसात काही दिवसांत पुरी केली. साताऱ्याला परीक्षकांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. वयाचा दाखला जवळ असूनही उपयोग झाला नाही.

कर्वे पुढे मुंबईलाच शिकले. रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली पदवीधर झाले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न ठरले. पण त्या पहिल्या प्रवासाची हकिगत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सविस्तर लिहून ठेवली, यावरून ती त्यांच्या मनात किती खोल रुतली होती हे कळतं. आजच्या पालकांना तिच्यातून दोन गोष्टी घेता येतात. पहिला मार्ग बंद पडला तर दुसरा कोणता, हे निघण्याआधी ठरलेलं असावं. आणि बारा वर्षं ओलांडलेल्या पण अंगाने लहान दिसणाऱ्या मुलाच्या वयाचा प्रश्न प्रवासात आजही निघतो, म्हणून आधार कार्ड किंवा शाळेचं ओळखपत्र त्याच्याच खिशात असावं.

वयाचा हा प्रश्न लोकलमध्ये दोन ठिकाणी येतो. रेल्वेचं अर्धं तिकीट पाच ते बारा वर्षांच्या मुलांना मिळतं, त्यापुढे पूर्ण काढावं लागतं. आणि बारा वर्षांवरच्या मुलाला बायकांच्या डब्यात बसता येत नाही. आतापर्यंत आईबरोबर लेडीज डब्यात जाणारा मुलगा तेराव्या वर्षी जनरल डब्यासमोर येऊन उभा राहतो. वडील सोबत नसतील, तर आईनेही त्याच्याबरोबर जनरलमध्ये चढायचं, की त्याने शेजारच्या डब्यात एकट्याने बसायचं, हे घरीच ठरवावं. ठाण्याच्या फलाटावर गाडी पुढ्यात उभी असताना हा वाद घालायला सवड मिळत नाही.

आधी परतीचं बघा

बहुतेक घरांत सहलीचा बेत ‘किती वाजता निघायचं’ या प्रश्नाने सुरू होतो. दापोड्यासारख्या गावातून निघताना ‘घरी किती वाजता पोचायचं’ हा प्रश्न आधी सोडवावा.

याला कारण रस्ता आहे. दापोडे ते ठाणे हे अंतर फार नाही. अंजूरफाट्याकडून किंवा काल्हेरकडून जुन्या आग्रा रोडला लागायचं, कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, बाळकुम, कापूरबावडी आणि मग ठाणे स्टेशन. रस्ता मोकळा असला की हे चटकन उरकतं. पण हाच रस्ता गोदामांच्या अवजड गाड्यांचाही आहे. एखादा ट्रेलर वळणावर अडकला की मागे रांग लागते आणि पाऊण तासाचे दोन तास होतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या, म्हणजे मेट्रो ५ च्या, कामाने या रस्त्याची रुंदी कित्येक वर्षं खाल्ली, हे इथल्या प्रत्येकाने सोसलं आहे. भिवंडी रोड हे रेल्वे स्टेशन जवळ आहे खरं, पण ते दिवा-वसई मार्गावर. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला, थेट लोकल नाही.

म्हणून कागदावर सर्वांत खाली ‘घरी, संध्याकाळी ७’ असं लिहावं आणि एकेक ओळ वर चढत जावं. ठाणे ते दापोडे दीड तास धरायचा. म्हणजे ठाण्याला साडेपाचला उतरायला हवं. सीएसएमटी ते ठाणे जलद गाडीने पाऊण तासाच्या आसपास, धीम्या गाडीने तासभर. म्हणजे साडेचारच्या आत गाडीत बसायचं. सहलीचं शेवटचं ठिकाण असलेल्या गेटवे ऑफ इंडियाहून चालत स्टेशनला यायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला पाऊण तास. म्हणजे पावणेचारला गेटवे सोडायचं.

पावणेचार हा आकडा पाहिला की मुलं नाराज होतात. मग त्यांनीच दुसरं टोक पकडावं, सकाळी लवकर निघावं. इथे एक अडचण असते. या वयात झोपेचं चक्र शरीरातच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे ती उशिरा झोपतात आणि सकाळी त्यांना उठवत नाही. यात आळशीपणाचा भाग थोडा, शरीराचाच अधिक. म्हणून पहाटे चारला उठवून काढलेली सहल सकाळी अकरालाच थकते. सहाला उठून साडेसातला घर सोडणं हा बहुतेकांना झेपणारा मधला मार्ग आहे.

वार कोणता?

सोमवार टाळावा. घारापुरीची लेणी, वरळीचं नेहरू तारांगण, फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं, काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडून.

रविवारी ऑफिसची गर्दी नसते, पण मेगाब्लॉक असतो. रुळांच्या आणि सिग्नलच्या देखभालीसाठी मध्य रेल्वे रविवारी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान काही मार्ग बंद ठेवते. मग जलद गाड्या धीम्या मार्गावर जातात, काही रद्द होतात, उरलेल्या खच्चून भरतात. त्याची घोषणा दोन-एक दिवस आधी होते, शनिवारच्या वर्तमानपत्रातही येते. ती बातमी शोधणं, कापून ठेवणं आणि आपल्या गाडीवर तिचा काय परिणाम होतो ते घरच्यांना समजावून सांगणं, हे काम मुलाकडे द्यावं. ज्याला मेगाब्लॉकची बातमी वाचता येते, त्याला मुंबईचं अर्धं वेळापत्रक कळलेलं असतं.

दुसरा आणि चौथा शनिवार त्यातल्या त्यात सोयीचा. बँका आणि बरीच कार्यालयं बंद असतात, मेगाब्लॉक सहसा नसतो, दुकानं आणि संग्रहालयं उघडी असतात.

लोकल कशी वाचायची

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, ती बोरीबंदर, म्हणजे आजचं सीएसएमटी, ते ठाणे. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढले, ४०० च्या आसपास पाहुणे बसले आणि ३४ किलोमीटरचं अंतर पार झालं. म्हणजे दापोड्याच्या मुलाची ही पहिली सहल ज्या मार्गाने होणार, तो देशातला पहिला प्रवासी लोहमार्ग आहे, फक्त दिशा उलटी. विजेवरची लोकल यायला मात्र ३ फेब्रुवारी १९२५ उजाडावं लागलं. ती व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली.

ठाण्याला मुलाने पहिल्यांदा इंडिकेटरसमोर उभं राहावं. गाडी कुठे जाणार, किती वाजता, धीमी की जलद, बारा डब्यांची की पंधरा, एवढी माहिती त्या एका पाटीवर असते. पाटी क्षणात बदलते, म्हणून एकदा वाचून, डोळे मिटून, मोठ्याने म्हणून दाखवायची. जाताना ठाण्यातूनच सुटणारी धीमी गाडी धरावी. कल्याण-कर्जतकडून येणारी जलद गाडी ठाण्याला येते तेव्हा आधीच भरलेली असते, ठाणे लोकल रिकामी उभी राहते. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण खिडकी मिळेल, आणि मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला, दादर, परळ, भायखळा ही सगळी स्टेशनं एकेक करून ओळीने दिसतील. वृत्तपत्रांत, बातम्यांत, नातेवाइकांच्या बोलण्यात येणारी ही नावं पहिल्यांदाच एका दोरीत ओवली जातात.

परतताना सीएसएमटीला वेगळी सावधगिरी हवी. तिथे फलाट १ आणि २ वरून हार्बरच्या गाड्या सुटतात. त्या पनवेल, बेलापूर, गोरेगावकडे जातात, ठाण्याला जात नाहीत. मेन लाइनच्या लोकल ३ ते ७ या फलाटांवर. ठाणे, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, आसनगाव, कसारा, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत यांतली कुठलीही गाडी ठाण्याला थांबते. कुर्ला किंवा घाटकोपरपर्यंतच जाणारी गाडी चालत नाही. हे एवढं मुलाला पाठ असलं, तर ऐन गर्दीत आईवडिलांना कुणाला विचारावं लागत नाही.

दरवाज्याबद्दल मात्र घरात स्पष्ट बोलणं व्हायला हवं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ती जागा ठाण्याच्या दोन स्टेशनं पलीकडे आहे. या वयातल्या मुलाला धोका कळत नाही असं नाही, एकट्याने असताना तो बऱ्यापैकी सांभाळून वागतो. मित्र बघत असले की मात्र चित्र बदलतं. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला, काहींना एकट्याने, काहींना बरोबरीच्या मित्रांसमोर. मित्र जवळ असताना तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले, चोविशीपुढच्यांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. पहिल्या सहलीत चुलतभाऊ किंवा मित्र बरोबर न्यायचा असेल तर जरूर न्यावा, मजा वाढते. पण दारात उभं राहायचं नाही, हा नियम दोघांना एकत्र बसवून, दोघांच्याही आईवडिलांसमोर सांगावा.

शहराच्या पाच खुणा

अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना आपापल्या शहराचा नकाशा आठवून काढायला सांगितला होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६० साली आलं. माणसाच्या डोक्यात शहर पाच गोष्टींनी उभं राहतं, असं त्यांना आढळलं: ज्यांवरून आपण जातो त्या वाटा, जिथे भाग संपतो त्या कडा, एकाच धाटणीची वस्ती, वाटा एकमेकींना मिळतात ते नाके, आणि लांबून ओळखू येणाऱ्या खुणा. पुढे सत्तरच्या दशकात लिंच यांनी युनेस्कोच्या मदतीने चार देशांतल्या, साधारण अकरा ते चौदा वयाच्या मुलांकडून त्यांच्या परिसराचे नकाशे काढून घेतले.

हा प्रयोग दापोड्यात आदल्या रविवारी करता येतो. मुलाने आपल्या गावाचा नकाशा आठवून काढावा. वाट म्हणजे अंजूरफाटा-माणकोली रस्ता. कड म्हणजे कशेळीची खाडी. वस्ती म्हणजे एकीकडे गावठाण, दुसरीकडे गोदामांचे कंपाउंड. नाका म्हणजे अंजूरफाटा. खूण म्हणून कुणी देऊळ काढेल, कुणी एखादं मोठं गोदाम. मग त्याच पाच शीर्षकांखाली दक्षिण मुंबई लिहायची. वाट, डी. एन. रोड. कड, समुद्र. वस्ती, फोर्ट. नाका, हुतात्मा चौक. खूण, राजाबाई टॉवर. मुंबईची आणखी एक कड रेल्वेने घातली आहे. कुणीही पत्ता सांगताना ईस्ट की वेस्ट विचारतं ते त्यामुळे.

मोबाइलमधला नकाशा असताना हे कशाला, असं मुलं विचारतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ह्यूगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं उत्तर सापडतं. सोहो भागाच्या संगणकावरच्या प्रतिकृतीत २४ जणांना वाट काढायला लावली आणि त्यांचा मेंदू तपासला. स्वतः वाट शोधताना नवीन गल्ली आली की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लगबगीने काम करायचा. उपकरणाने सांगितलेल्या वळणांवर नुसतं वळत गेल्यावर ती जादा हालचाल दिसली नाही. तेव्हा मोबाइल सोबत असावा, पण सीएसएमटी ते गेटवे एवढ्या पट्ट्यात तो खिशात राहावा. चुकल्यावर काढावा.

एका दिवसाला एकच पट्टा

पहिल्या सहलीत सगळी मुंबई उरकायचा मोह होतो. राणीची बाग, तारांगण, हाजीअली, सिद्धिविनायक, चौपाटी, सगळं एका दिवसात. मुलाच्या आठवणीत मग टॅक्सीची काच आणि सिग्नल राहतात. त्यापेक्षा सीएसएमटीपासून गेटवेपर्यंतचा जेमतेम अडीच किलोमीटरचा पट्टा पायी करावा.

बाहेर पडल्यावर लगेच पुढे निघू नये. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जावं आणि वळून स्टेशनकडे बघावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ साली काम सुरू झालेली ही इमारत बांधायला दहा वर्षं लागली. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसले आहेत. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतीवर नजर स्थिर केली की दगडातले मोर, खारी, माकडं, पानंफुलं दिसू लागतात. ते कोरीवकाम करण्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावं. कोपऱ्यावरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ साली पूर्ण झालेली. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या कशावरून, हे मुलांनाच शोधू द्यावं.

डी. एन. रोडने सरळ चालत गेलं की हुतात्मा चौक येतो. तिथला फ्लोरा फाउंटन १८६४ चा. शेजारी मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या भागात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. चळवळीत पुढे शंभराहून अधिक माणसं गेली आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. दर वर्षी शाळेत झेंडावंदन होतं तो एक मे इथून आला. इतिहासाच्या पुस्तकातला परिच्छेद आणि पायाखालचा रस्ता यांची गाठ पडायला दहा मिनिटं थांबणं पुरतं.

तिथून उजवीकडे उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, १८७८ साली पूर्ण. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी देणगी दिली आणि टॉवरला आपल्या आईचं नाव दिलं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. दापोड्याचा मुलगा पदवीला भिवंडीत किंवा ठाण्यात शिकला, तरी त्याच्या गुणपत्रिकेवर बहुधा याच विद्यापीठाचं नाव असेल.

मग काळा घोडा आणि वस्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९१४ च्या सुमारास उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिचं लष्करी रुग्णालय झालं, आणि लोकांसाठी ती १९२२ साली उघडली. इथे दोन तास काढावेत. सगळी दालनं बघायची नाहीत. आधी ठरवून तीन वस्तू शोधायच्या. नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा गावातून आलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा, अकबराचं चिलखत आणि ढाल, आणि इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातले असिरियन दगडी पट. सोपारा भिवंडीहून फार लांब नाही, वसईपलीकडे. आपल्या खाडीच्या टापूत दोन हजार वर्षांपूर्वी जहाजं लागत होती आणि राजाची आज्ञा दगडावर कोरली जात होती, हे मुलाच्या ध्यानात आलं तर ‘आमच्या गावाकडे काय आहे’ हा सूर बदलतो.

गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी या कमानीतून बाहेर पडली. तिथे बोट दिसली की घारापुरीचा हट्ट होणारच. जायला तासभर, यायला तासभर, वर पायऱ्या आणि लेणी. पहिल्या सहलीच्या वेळापत्रकात ते बसत नाही, म्हणून घारापुरीला वेगळा दिवस द्यावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचा मृत्यू झाला. म्हणून घारापुरीच्या दिवशी लाइफ जॅकेट अंगात घालूनच बोटीत बसायचं.

चुकामूक, पैसा आणि पोट

चुकामुकीचा नियम छोटा असावा. रस्त्यात हरवलं तर शेवटचं एकत्र होतो तिथे थांबायचं. गाडीत चढताना कुणी मागे राहिलं, तर पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून त्याच डब्याच्या जागी उभं राहायचं, आणि मागे राहिलेल्याने तीच दिशा, तसलीच गाडी धरून तिथे यायचं. जलद आणि धीमी यांचा घोळ झाला तर ही भेट हुकते, म्हणून ‘तसलीच’ हा शब्द महत्त्वाचा. मोबाइलची बॅटरी संपू शकते. आईवडिलांचे नंबर मुलाला तोंडपाठ हवेत आणि कागदावर लिहून खिशातही. रेल्वेसाठी १३९, बालकांच्या मदतीसाठी १०९८, कुठल्याही संकटात ११२.

गर्दीच्या पुलावर रेटा वाढला तर माघारी फिरायचं किंवा फलाटावरच थांबायचं, हेही सांगून ठेवावं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, पावसामुळे लोक थबकल्याने, चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. एक गाडी सुटली म्हणून काही बिघडत नाही.

दिवसाचे पैसे सकाळीच मुलाच्या हाती द्यावेत, तिकिटं, संग्रहालयाचं शुल्क, खाणं सगळं धरून. संध्याकाळी त्याने हिशेब द्यायचा. उरतील ते त्याचे. स्टेशनसमोर वडापाव खायचा, की गेटवेला आइस्क्रीम, की दोन्ही सोडून संग्रहालयाच्या दुकानातून पुस्तक घ्यायचं, याचा निकाल तोच लावेल आणि मनापासून लावेल. घरून पोळीभाजीचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या न्याव्यात, उन्हात पाणी लवकर संपतं.

स्वच्छतागृहाची सोय सीएसएमटीला आणि संग्रहालयात आहे. मधल्या वाटेवर ती मिळेलच असं नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी जाऊन घ्यावं. मुलगी असेल तर पिशवीत सॅनिटरी पॅड, कागदी पिशवी आणि एक जादा सलवार असावी. तारीख नसली तरी असावी, कारण या वयात पाळी नेमाने येतेच असं नाही. या एका तयारीअभावी कित्येक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग त्यांना सहलीतली फक्त डोकेदुखी आठवते. आईने हे आदल्या दिवशी मोकळेपणाने बोलावं.

त्या दिवसाचा कागद

रात्री परत आल्यावर मुलाने सकाळच्या वेळापत्रकाच्या शेजारी खरी वेळ लिहावी. दापोड्याहून किती वाजता निघालो, कशेळी पुलावर किती वाजता होतो, ठाण्याला गाडी कितीला मिळाली, पाय कुठे दुखायला लागले, पैसे कुठे जास्त गेले. दुसरी सहल या कागदावरून आखायची. तेव्हा सीएसएमटीहून पुढे भुयारी मेट्रो ३ धरून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र करता येईल. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिच्यावर विज्ञान केंद्र नावाचंच स्टेशन आहे. त्या वेळी मोठ्यांनी दहा पावलं मागून चालावं. तिसऱ्या वेळी ठाण्यापर्यंत सोडून यावं, तेही मुलाची तयारी आणि वय पाहून.

दहावीनंतर या कागदाचं काम आणखी वाढतं. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे आणि अर्जात दहापर्यंत कॉलेजांची पसंती भरता येते. भिवंडी, ठाणे, मुलुंड, दादर यांतलं कुठलं कॉलेज वरच्या क्रमांकावर टाकायचं, हे घरात ठरतं तेव्हा टक्केवारी आणि शेजाऱ्यांचे सल्ले यांचीच चर्चा जास्त होते. दादरच्या सकाळी साडेसातच्या वर्गाला दापोड्याहून किती वाजता निघावं लागेल, परतताना कशेळीला किती वेळ जाईल, रोज हे झेपेल का, याचं उत्तर मात्र जी मुलगी दोन-तीनदा घड्याळ लावून हा रस्ता करून आली आहे, तिच्याजवळ असतं. अर्ज भरायला बसताना तिने वेळांचे ते कागद समोर ठेवावेत आणि प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे जाण्यायेण्याचा वेळ स्वतः लिहावा.